अमेरिकेत नव्याने आलात? टिप कुठे द्यायची, किती आणि कशी

अमेरिकेत नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हा प्रश्न विचारतो: जेवणाचं बिल तर भरलं, मग हे वरचे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. त्यातून तुम्ही विद्यार्थी असाल, फी कर्ज काढून भरली असेल आणि प्रत्येक डॉलरला मनातल्या मनात रुपयांनी गुणायची सवय अजून सुटली नसेल, तर आठ डॉलरची टिप अगदी जिवावर येते. याउलट काही जण इतके बुजतात की काउंटरवर पाण्याची बाटली घेतानाही स्क्रीनवर दिसेल तो आकडा दाबून मोकळे होतात. दोघांचीही अडचण एकच. हे पैसे नेमके कोणाच्या खिशात जातात आणि कशासाठी, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. ते एकदा कळलं की आकडे पाठ करायची फारशी गरज उरत नाही.

आधी हे समजून घ्या: टेबलावरची टिप हा पगाराचा भाग आहे

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि जुलै २००९ पासून ते बदललेलं नाही. पण ज्यांना नेहमी टिप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा आकडा तर १९९१ पासून तसाच आहे. उरलेले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकांच्या टिपमधून निघतील, असं कायदा धरून चालतो. नाही निघाले तर फरक मालकाने भरून द्यायचा असतो, पण आपल्याच मालकाकडे हा हिशोब मागायला किती जण धजावतील याचा विचार करा.

टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना, इंडियाना या राज्यांत मराठी विद्यार्थी आणि नोकरदार भरपूर आहेत. तिथे हाच २.१३ चा दर चालतो. बऱ्याच राज्यांनी तो कमीअधिक वाढवला आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत मात्र ही सवलत मालकाला अजिबात नाही. तिथे वेटरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात २०२५ साली ते तासाला १६.५० डॉलर होतं. तरी टिपचा रिवाज तिथेही तोच आहे, कारण घरभाडं आणि बाकीचा खर्चही त्याच मापाने मोठा आहे.

ही पद्धत आली कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय तिचा खरा चेहरा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत अमेरिकन लोकांनी ही चाल युरोपातून आणली. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना हॉटेलं आणि रेल्वे कंपन्यांनी कामावर घेतलं, पण पगार नाममात्र ठेवला आणि बाकीचं पोट टिपवर सोडलं. रेल्वेच्या शयनयान डब्यांची पुलमन कंपनी याचं सर्वात ठळक उदाहरण. तिच्या पोर्टर लोकांनी, म्हणजे डब्यातल्या सेवकांनी, १९२५ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ मध्ये, कंपनीला करार करायला लावला. टिपला विरोधही झाला होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपबंदीचा कायदाच केला होता, आणखी काही राज्यांनीही केला, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे बाद झाले. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा हॉटेल कामगारांना त्यात जागा मिळाली नाही. १९६६ मध्ये मिळाली, तीही 'टिप वजा करून पगार' या अटीवर.

ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. पगार मालकाने द्यावा, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडू नये. पण टिप न देता उठून गेल्याने मालकाचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते तुम्हाला पाणी आणून देणाऱ्या मुलीचं.

पायरी पहिली: बसण्याआधी हिशोब करा

मेनूवर छापलेली किंमत ही तुम्ही भरणार ती रक्कम नव्हे. तीत विक्रीकर नसतो आणि टिपही नसते. दोन्ही मिळून साधारण पंचवीस ते तीस टक्के वर धरा. चाळीस डॉलरचं जेवण, आठ टक्के कर असेल तर ३.२० डॉलर, वीस टक्के टिप म्हणजे ८ डॉलर, एकूण ५१.२० डॉलर. हा आकडा परवडत नसेल तर टेबलावर बसून जेवायचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा आणि आज काउंटरवरून घ्या. त्यात काहीच कमीपणा नाही. बसून जेवायचं आणि टिप मात्र टाळायची, हे मी कोणालाही सुचवणार नाही.

पायरी दुसरी: बिल आल्यावर टिप आधीच लावली आहे का ते बघा

बिल आलं की शेवटच्या चार ओळी सावकाश वाचा. 'ग्रॅच्युइटी' किंवा 'ऑटो ग्रॅच्युइटी' असं लिहून अठरा-वीस टक्के धरले असतील, तर टिप लागलेली आहे. सहा किंवा त्याहून जास्त जण एकत्र बसले की बरीच रेस्टॉरंट्स असं करतात. विद्यापीठाच्या ग्रुपने वाढदिवस साजरा केला की नेमकं हेच होतं. बिलात ग्रॅच्युइटी असतेच, खालच्या टिपच्या ओळीत पुन्हा कोणीतरी वीस टक्के लिहितो आणि दुप्पट पैसे जातात.

'सर्व्हिस चार्ज' हा शब्द दिसला तर जरा थांबा. कायद्याच्या दृष्टीने सक्तीचा सर्व्हिस चार्ज आणि टिप या वेगळ्या गोष्टी आहेत. टिप ही कामगाराची, पण केंद्रीय कायद्याप्रमाणे सर्व्हिस चार्ज हे मालकाचं उत्पन्न. तो ते वाटेल किंवा नाही वाटणार. त्यामुळे सरळ विचारा: हा चार्ज तुम्हाला मिळतो का? हा प्रश्न इथे उद्धट समजत नाहीत. मिळत असेल तर वर काही द्यायची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्कोत बिलावर कामगारांच्या आरोग्यखर्चाच्या नावाने काही टक्के वेगळे लावलेले दिसतात. ती टिप नव्हे.

पायरी तिसरी: आकडा ठरवा

बसून जेवलात, कोणी ऑर्डर घेतली, वाढलं, भरलेलं पाणी आणलं, तर अठरा ते वीस टक्के. पंधरा टक्के ही आता खालची मर्यादा मानली जाते. अंदाजासाठी करापूर्वीची रक्कम घ्या, दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा की दहा टक्के मिळतात, त्याची दुप्पट केली की वीस. ४०.०० चे ४.००, दुप्पट ८.०० डॉलर. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे, म्हणून तिथले लोक नुसता कर दुप्पट करतात आणि पावणेअठरा टक्क्यांवर येतात. ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का या राज्यांत राज्यपातळीचा विक्रीकरच नाही, तिथे ही युक्ती सहसा चालत नाही.

टिप करापूर्वीच्या रकमेवर मोजायची. स्क्रीनवर किंवा बिलाच्या तळाशी छापलेले 'सुचवलेले' आकडे पुष्कळदा कर धरून काढलेले असतात. वरच्या उदाहरणात ४३.२० वर वीस टक्के म्हणजे ८.६४ डॉलर. फरक चौसष्ट सेंटचा आहे, त्यावरून वाद घालू नका, पण माहीत असू द्या.

कूपन किंवा सवलत वापरली असेल तर टिप मूळ किमतीवर द्या. तुम्हाला जेवण निम्म्या किमतीत मिळालं, पण वाढणाऱ्याचं काम निम्मं झालेलं नाही. बुफेत फक्त पाणी आणि उष्ट्या प्लेट्सचं काम असतं, तिथे दहा टक्के पुरतात. बारमध्ये काउंटरवर उभं राहून घेत असाल तर बिअरला एक डॉलर, कॉकटेलला दोन.

सर्व्हरला, म्हणजे वेटरला, मिळालेली टिप सगळी त्याच्याकडे राहत नाही, हेही लक्षात ठेवा. टेबलं साफ करणारा, बारटेंडर, दारात स्वागत करणारी मुलगी, यांना त्यातून वाटा जातो. बऱ्याच ठिकाणी हा वाटा टिपवर नव्हे तर सर्व्हरच्या एकूण विक्रीवर ठरतो. म्हणजे एखाद्या टेबलाने शून्य टिप दिली तरी त्या टेबलाच्या विक्रीचा वाटा सर्व्हरला स्वतःच्या पैशातून द्यावा लागतो. शून्य टिप म्हणजे नुसतं 'मिळालं नाही' असं नसतं, कधी कधी पदरचं जातं.

पायरी चौथी: पैसे देण्याची कृती

नव्या माणसाची खरी तारांबळ इथे उडते, म्हणून सविस्तर सांगतो.

सर्व्हर छोट्या फोल्डरमध्ये बिल ठेवून जातो. तुम्ही त्यात कार्ड खोचून फोल्डर टेबलाच्या कडेला ठेवायचं. तो कार्ड घेऊन आत जातो. आपल्याला कार्ड नजरेआड होऊ देणं खटकतं, पण इथे ही रोजची पद्धत आहे. तो परत येतो तेव्हा फोल्डरमध्ये कार्ड, पेन आणि दोन पावत्या असतात. एकीवर 'मर्चंट कॉपी', दुसरीवर 'कस्टमर कॉपी' लिहिलेलं असतं. मर्चंट कॉपीवर तीन रिकाम्या ओळी असतात: टिप, टोटल आणि सही. टिपच्या ओळीत ८.०० लिहा, टोटलच्या ओळीत ५१.२० लिहा, सही करा आणि ती पावती तिथेच ठेवा. कस्टमर कॉपी तुमची, ती घेऊन जा. घाईत बरेच जण नेमकी भरलेली पावती खिशात घालून निघतात आणि सर्व्हरच्या हाती कोरा कागद उरतो. आकडे सुवाच्य लिहा आणि कोणतीही ओळ कोरी सोडू नका. टिप रोख देणार असाल तर टिपच्या ओळीत आडवी रेघ मारा किंवा 'कॅश' लिहा आणि टोटलमध्ये मूळ ४३.२० लिहा.

घरी जाताना बँकेच्या ॲपमध्ये ४३.२० डॉलरच दिसतील. दोन-तीन दिवसांनी तोच व्यवहार ५१.२० होतो. याला फसवणूक समजून बँकेत तक्रार करू नका. आधी फक्त बिलाची रक्कम मंजूर झालेली असते, टिप मागाहून चढते. कस्टमर कॉपीवर स्वतःसाठी एकूण आकडा लिहून ठेवलात तर महिनाअखेरीस ताळा पडतो.

रोख देत असाल तर आणखी एक बारकावा. ४३.२० च्या बिलावर तुम्ही विसाच्या तीन नोटा ठेवल्या. सर्व्हर विचारेल, "डू यू नीड चेंज?" याला भिडेखातर "नो" म्हणालात तर उरलेले १६.८० डॉलर टिप समजून तो घेईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. "येस, प्लीज" म्हणा, सुटे येऊ द्या, त्यातले आठ ठेवा.

मित्रांबरोबर बिल वाटून घेताना एक जण सगळं भरतो आणि बाकीचे ॲपवरून आपापला वाटा पाठवतात. अशा वेळी जो तो आपल्या ताटाची छापील किंमत पाठवतो, कर आणि टिप भरणाऱ्याच्या गळ्यात पडते. नाहीतर सगळे मिळून टिप कमी लिहितात. आधीच ठरवा की प्रत्येकाने आपल्या किमतीच्या वर तीस टक्के धरून पाठवायचे. दोन-तीन डॉलर इकडेतिकडे होतील, पण मैत्री आणि सर्व्हरचा पगार दोन्ही शाबूत राहतात.

पायरी पाचवी: स्क्रीन फिरवून समोर धरला की

कॉफी, सँडविच, आइस्क्रीम, बेकरी: तुम्ही रांगेत उभे राहता, काउंटरवरचा मुलगा टॅब्लेट तुमच्याकडे फिरवतो आणि त्यावर १८, २०, २५ टक्के अशी मोठी बटणं दिसतात. मागे रांग, समोर मुलगा, हात आपोआप मधल्या बटणाकडे जातो.

इथे तुम्ही मोकळे आहात. या कामगारांना सहसा २.१३ चा नव्हे, निदान पूर्ण किमान वेतनाचा दर असतो. खाली छोट्या अक्षरात 'नो टिप' किंवा 'स्किप' असतं, ते दाबलं तर कोणी वाईट मानत नाही. 'कस्टम' दाबून एक डॉलर देता येतो. माझं मत असं: नुसती बाटली किंवा तयार सँडविच उचलून दिलं तर शून्य. पाच जणांची वेगवेगळी ऑर्डर नीट बनवून दिली, किंवा रोज तुमची कॉफी लक्षात ठेवून करतात, तर एखादा डॉलर आनंदाने द्या. फोनवर ऑर्डर देऊन स्वतः आणायला गेलात तर टिप ऐच्छिक, मोठी ऑर्डर असेल तर दहा टक्क्यांपर्यंत. जिथे मालच तुम्ही स्वतः स्कॅन केला अशा यंत्राने टिप मागितली तर सरळ नाही म्हणा.

घरपोच जेवण

बिलातला 'डिलिव्हरी फी' हा आकडा आणणाऱ्याला जातो असं समजून बरेच जण टिप देत नाहीत. ती फी कंपनीची असते. आणणारा स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल आणि स्वतःचा विमा वापरतो. पंधरा टक्के किंवा पाच डॉलर, यातलं जे जास्त असेल ते द्या. बर्फ पडत असेल, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर वाढवा. बाहेर जायला तुम्हाला जे नको वाटलं तेच तो करतो आहे. बऱ्याच ॲपमध्ये आणणाऱ्याला ऑर्डर घेण्याआधी मिळकतीचा अंदाज दिसतो, त्यामुळे शून्य टिपची ऑर्डर लवकर कोणी उचलत नाही आणि जेवण गार होऊन येतं.

कंपन्यांनी या टिपवर डल्ला मारल्याच्या आरोपांची प्रकरणं सरकार दरबारी गेली आहेत. ॲमेझॉनने आपल्या फ्लेक्स ड्रायव्हर लोकांच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीने सामान पोचवणाऱ्यांच्या, टिपचे पैसे रोखल्याच्या आरोपावरून २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेबरोबर ६.१७ कोटी डॉलरची तडजोड केली. घरपोच जेवणाच्या डोअरडॅश ॲपने २०१७ ते २०१९ दरम्यान टिपचे पैसे कामगारांच्या ठरलेल्या मोबदल्यात वळवल्याच्या प्रकरणी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी १.६७५ कोटी डॉलरची तडजोड केली. म्हणून जमेल तेव्हा मी दारात रोख देणं पसंत करतो. पण ॲपमध्ये आधी टिप न दिसल्याने ऑर्डर पडून राहू नये, यासाठी थोडी तिथे आणि उरलेली हातात, हा मध्यम मार्ग बरा.

टॅक्सी, सलून, हॉटेल, सामान हलवणारे

टॅक्सीला पंधरा ते वीस टक्के. न्यूयॉर्कच्या टॅक्सीतला स्क्रीन वीस, पंचवीस आणि तीस सुचवतो, पण आकडा स्वतः टाकता येतो. उबरमध्ये २०१७ पर्यंत ॲपमधून टिप देण्याची सोयच नव्हती, म्हणून अजून पुष्कळ लोक देत नाहीत. छोट्या फेरीला एक-दोन डॉलर, दोन मोठ्या बॅगा उचलून डिकीत ठेवल्या तर पाच, असं धरा. फेरी संपल्यावर ॲपमध्ये टाकली तरी चालते.

केस कापणं, थ्रेडिंग, मसाज यांना पंधरा ते वीस टक्के. आपल्याकडच्याच बाईंनी चालवलेलं पार्लर असेल तरी भुवया करणारी मुलगी वेगळी असते, तिच्या हातात द्या.

हॉटेलात खोली साफ करणाऱ्या बाईला टिप देणं सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण ती दिसत नाही. रात्रीला दोन ते पाच डॉलर ठेवा, आणि रोज ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेत तर आदल्या तीन दिवशी काम केलेल्या बाईला काहीच मिळत नाही. नुसत्या नोटा टेबलावर टाकल्या तर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून ती हात लावणार नाही. हॉटेलच्या कागदावर 'हाउसकीपिंग, थँक यू' असं लिहून त्यावर नोटा ठेवा. सामान खोलीपर्यंत आणणाऱ्याला बॅगेमागे दोन डॉलर, गाडी लावून देणाऱ्या व्हॅले मुलाला गाडी परत आणल्यावर तीन ते पाच.

घर बदलताना पलंग-गाद्या वाहून नेणारे येतात, त्यांना माणशी वीस ते चाळीस डॉलर. काम संपल्यावर प्रत्येकाच्या हातात वेगळे द्या. मुकादमाकडे एकत्र दिलेले पैसे कसे वाटले जातील हे तुमच्या हातात नाही.

आई-बाबा भेटायला येणार असतील तर

वयस्कर पालकांसाठी आपण विमानतळावर व्हीलचेअर मागतो. अपंग किंवा चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशांसाठी ही मदत विमान कंपनीने फुकट द्यावी असा नियम आहे, त्यामुळे टिपची सक्ती नाही. पण खुर्ची ढकलणारा माणूस बहुतेकदा ठेकेदाराचा कामगार असतो. तो गेटपासून आईला घेतो, इमिग्रेशनच्या रांगेतून नेतो, अधिकाऱ्याचा प्रश्न कळला नाही तर हातवारे करून समजावतो, पट्ट्यावरून बॅगा उतरवतो आणि तुम्ही दिसेपर्यंत तिला सोडत नाही. तासभर जातो. त्याला पाच ते दहा डॉलर द्यावेत, दोघांना दोन खुर्च्या असतील तर दोघांना वेगवेगळे. निघण्याआधीच पालकांकडे पाचाच्या काही नोटा पोहोचतील अशी सोय करा, नाहीतर बाहेर पडल्यावर तुम्ही द्या. आई "कशाला एवढे?" म्हणेल. तिला त्या माणसाच्या एका तासाबद्दल सांगा, रुपयांत सांगू नका.

कुठे द्यायची नाही

डॉक्टर, नर्स, औषधांच्या दुकानातले लोक, बँक, विमानातले कर्मचारी, शिक्षक, नळ-विजेची दुरुस्ती करणारे, गॅरेज, किराणा दुकानातले कॅशियर: इथे टिप नसते, काही ठिकाणी घ्यायला मनाईही असते.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र काळजी घ्या. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीत काम लवकर झालं म्हणून नोट पुढे करू नका, पोलिसाला तर कधीच नाही. ती लाच समजली जाते आणि व्हिसावर असलेल्या माणसाला हे फार महाग पडू शकतं. रोज टपाल आणणाऱ्या पोस्टमनला रोख अजिबात देता येत नाही. एका वेळी वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते, वर्षभरात एकाच माणसाकडून पन्नासपेक्षा जास्त नाही.

सेवा वाईट मिळाली तर

आधी दोष कोणाचा ते बघा. पदार्थ गार आला, उशीर झाला, मीठ जास्त पडलं, हा स्वयंपाकघराचा दोष आहे. त्याची शिक्षा वाढणाऱ्याला देऊ नका, मॅनेजरला बोलवा. बिलातून तो पदार्थ कमी करतील. वाढणाराच बेपर्वा असेल तर दहा-बारा टक्के लिहा आणि मॅनेजरला कारण सांगा. काही न सांगता शून्य लिहून निघून गेलात तर तुम्हाला राग आला हे कोणाला कळत नाही, तुम्हाला पद्धत माहीत नाही एवढंच वाटतं. अपमान केला, वंशावरून बोलले, तर शून्य लिहा आणि तक्रारही करा.

आणि तुम्हीच टिपवर काम करत असाल तर

कॅम्पसमधल्या कॅफेत काम करणारे विद्यार्थी आणि वर्क परमिट मिळालेले जोडीदार, यांच्यासाठी हे. टिप हे करपात्र उत्पन्न आहे. एका महिन्यात वीस डॉलर किंवा जास्त मिळाले तर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायचं. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी पात्र कामगारांना टिपच्या उत्पन्नातून २५,००० डॉलरपर्यंत वजावट केंद्रीय आयकरात मिळते, त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर 'पगार नाही, फक्त टिप' अशा बोलीवर काम करणं हेही बेकायदा कामच ठरतं. ओळखीचे मालक "काही होत नाही" म्हणतात, पण व्हिसा त्यांचा नसतो.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर मालक, मॅनेजर किंवा सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपमधला एक सेंटही स्वतःसाठी ठेवता येत नाही. टिपचा डबा संध्याकाळी मॅनेजर मोजतो आणि त्याचाही वाटा काढतो, असं चालू असेल तर ते कायद्याविरुद्ध आहे. रोजचे तास आणि मिळालेली टिप वहीत लिहून ठेवा, तारखेसह. केंद्रीय श्रम खात्याच्या वेतन विभागाचा फोन १-८६६-४८७-९२४३ असा आहे. तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि तुमचं नाव गुप्त ठेवलं जातं.